ओठ तिचे होते

बेयोग्लूच्या एका तळघरात, दाराला घोंगडी ठोकून,
मी तिच्यासाठी खोकायचे.
पडद्यावर मेहपारे, रुमालावर लाल रंग,
आणि खोकला रेज्झानचा, म्हणजे माझा,
रोजंदारीवर. दोन वेळा चहा, जेवण नाही.

चौसष्ट सिनेमे.
त्यांतल्या एकोणीसांत ती क्षयाने गेली,
तिनांत आंधळी झाली, शेवटच्या रिळात तिला दिसू लागलं.
"मला दिसतंय, केनान, मला दिसतंय!"
हे मी एका दमात म्हटलं होतं, नाक चिमटीत धरून.
रडणं नाकातून येतं, डोळ्यांतून नाही;
त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक.

सेटवर तिला वाक्यं पाठ नसत.
कॅमेऱ्यामागून कुणी ओरडून सांगायचं, ती ओठ हलवायची.
कधी ओठ भलतंच बोलत.
निरोपाच्या प्रसंगात ती म्हणाली होती, "बूट चावतोय, मेल्या,"
त्यावर मी बसवलं, "सुखी राहा, राजा."
माप जुळलं की झालं.

मग टीव्ही आला घरोघरी.
थिएटरांत उरले रिकामटेकडे पुरुष,
त्यांच्यासाठी निघू लागले कपडे उतरवायचे सिनेमे.
मेहपारेने तीन नाकारले. चौथा नाकारला आणि फरचा कोट विकला.
तेव्हा एक तबकडीवाला आला. इटलीची चाल आहे म्हणाला,
शब्द आपले घालू, चेहरा तुमचा आहेच.
ती मलाच घेऊन गेली स्टुडिओत.
"ताई, तू गा. मी उभी राहीन."

मी गायले.
वादक खाली बघू लागले. क्लॅरिनेटवाल्याने उगाच नळी पुसली.
मला मरता येतं, लाजता येतं, सासूशी भांडता येतं;
सुरात राहता येत नाही.

म्हणून तिला गावं लागलं.

इझ्मिरची जत्रा, ऑगस्ट, पंचाहत्तर साल.
सातव्या रांगेत मी, फुकटच्या पासावर,
मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी.
चमचमत्या पायघोळ झग्यात ती आली, माईक धरला
ओला साबण धरावा तसा, आणि म्हणाली,
"इझ्मिरकर मंडळी, नमस्कार."

जाड आवाज. बुडाशी करपलेला.
वर अदानाकडचा हेल,
जो वीस वर्षं माझ्याखाली झाकून होता.
हशा आधी मागे पिकला, मग पुढे.
कुणी ओरडलं, "बाई, तुमचा आवाज कुठाय?"
शेजारची म्हातारी म्हणाली, "घसा बसलाय बिचारीचा."

बी माझ्या दातांत तशीच राहिली.
उठून एक वाक्य बोलले असते
तर अख्खी जत्रा वळली असती माझ्याकडे.
सांगायला नको, पण आलं होतं मनात.

ती थांबली. वाद्यं थांबली.
टाच मोडल्यासारखी एका अंगावर कलली,
माईक आणखी जवळ ओढला.
"हाच आहे," म्हणाली. "दुसरा परत केला."

आणि गायली. चांगली नाही.
पहिल्या कडव्यात घसरली,
दुसऱ्यात शब्द विसरली, तिथे नुसतं हं हं केलं,
आणि नेमक्या त्या हं हं वर लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला,
का, ते मला आजही कळलेलं नाही.
तिसऱ्या कडव्यात लक्षात आलं,
माझे ओठ हलतायत.
आवाज नाही. तिच्या मापाने.

सहा तबकड्या निघाल्या. एक सोन्याची मिळाली,
ती सैल खिळ्यावरून दोनदा पडली.
पुढे लग्न, मेर्सिन, वर्षाला एक पत्र,
मग तेही नाही.

आता दुपारी जुने सिनेमे लागतात.
खालच्या मजल्यावरची पोर म्हणते, काय गोड आवाज होता मेहपारेचा!
काल वाण्याला फोन केला. तो चाचरला, म्हणाला,
"आपण... मेहपारेबाई तर नव्हे?"
त्याच्या दुकानात रेडिओ चालू होता, कुणीतरी बाई
जाड आवाजात हं हं करत होती.
"हो," म्हटलं. "अर्धा किलो चीज पाठव.
पांढरं. फार खारट नको."